हृदयाच्या उजव्या बाजूचे रक्त डाव्या बाजूला नेमके कसे पोहोचते?

तुमचा प्रश्न असा आहे : "हृदयाला चार कप्पे असतात आणि उजव्या व डाव्या बाजूंमधला पडदा पूर्ण बंद असतो, असे पुस्तकात दिले आहे. मग उजवीकडचे रक्त डावीकडे जाते कुठून? हा मार्ग मी दर परीक्षेला पाठ करतो आणि आठवड्याभरात विसरतो."

थोडक्यात उत्तर एवढेच, की ते रक्त फुप्फुसांना वळसा घालून जाते. उजवी बाजू रक्त फुप्फुसांकडे ढकलते, तेथून परतलेले रक्त डाव्या बाजूत उतरते आणि डावी बाजू ते सर्व शरीराला पाठवते. मी कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे जीवशास्त्र शिकवले आहे, आणि माझा अनुभव असा, की हा मार्ग विसरला जातो तो स्मरणशक्तीच्या दोषामुळे नव्हे, तर आकृतीमुळे. पुस्तकातील हृदयाच्या आकृतीत फुप्फुसे बहुधा काढलेलीच नसतात. एक बाण उजव्या बाजूतून निघून आकृतीबाहेर जातो, दुसरा कोठून तरी डाव्या बाजूत शिरतो, आणि त्या दोन बाणांच्या मधल्या कोऱ्या जागेतच तुमचे उत्तर दडलेले असते.

या कोऱ्या जागेने फार मोठ्या माणसांनाही चकवले आहे. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलन याने असे मांडले होते, की मधल्या पडद्यात डोळ्यांना न दिसणारी सूक्ष्म छिद्रे असतात आणि त्यांतून रक्त उजवीकडून डावीकडे पाझरते. त्याचा अधिकार एवढा मोठा, की युरोपात ही छिद्रे कोणालाही न दिसता शतकानुशतके मान्य होती. तेराव्या शतकात कैरोमध्ये वैद्यकी करणाऱ्या इब्न अल-नफीस याने मात्र स्पष्ट लिहिले, की हा पडदा जाड आहे, त्यात दृश्य वा अदृश्य असे कोणतेच छिद्र नाही, तेव्हा रक्ताला फुप्फुसांतून जाण्यावाचून दुसरी वाट नाही. युरोपात हीच गोष्ट १५५३ साली स्पॅनिश वैद्य सर्व्हेटसने आणि १५५९ साली इटालियन शरीररचनातज्ज्ञ कोलंबोने लिहिली. पुढे १६२८ साली इंग्रज वैद्य विल्यम हार्वेने सगळ्या शरीराचे रक्ताभिसरण सिद्ध केले, आणि तेही मुख्यतः साध्या गुणाकाराने. दर ठोक्याला अर्धा औंस रक्त बाहेर पडते आणि अर्ध्या तासात हजार ठोके पडतात, असे दोन्ही आकडे मुद्दाम कमी धरले, तरी अर्ध्या तासात पाचशे औंस, म्हणजे सुमारे १४ लिटर रक्त हृदयातून जाते. एवढे रक्त शरीरात मुळात नसतेच आणि अन्नातून तितक्या वेगाने तयारही होऊ शकत नाही; तेव्हा तेच रक्त फिरून परत येत असले पाहिजे. धमन्यांतून ते शिरांत कसे येते हे मात्र हार्वेला कधीच पाहायला मिळाले नाही. धमन्या आणि शिरा यांना जोडणाऱ्या अतिशय बारीक वाहिन्या, म्हणजे केशिका, इटालियन शास्त्रज्ञ मालपिगीने १६६१ साली बेडकाच्या फुप्फुसात सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या, त्याच्या चार वर्षे आधीच हार्वे वारला होता.

आता रचनेकडे वळू. हृदय साधारण आपल्या मुठीएवढे असते आणि प्रौढ माणसात त्याचे वजन २५० ते ३५० ग्रॅमच्या आसपास भरते. ते छातीच्या डाव्या बाजूला असते असे आपण म्हणतो, परंतु खरे म्हणजे ते उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, मागे, दोन फुप्फुसांच्या मधे असते. त्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग मध्यरेषेच्या डावीकडे आणि उरलेला उजवीकडे येतो. टोक खाली डावीकडे झुकलेले असल्यामुळे ठोका तेथे चांगला हाताला लागतो, आणि त्यातूनच 'डावीकडचे हृदय' ही समजूत रुजली असावी. त्याच्याभोवती दुपदरी आवरण असते, आणि त्या दोन पदरांमध्ये थोडासा द्रव असल्याने घर्षण होत नाही.

उजवे-डावे हे शब्दही नीट समजून घेतले पाहिजेत. आकृतीतील उजवी बाजू म्हणजे ज्याचे हृदय आहे त्याची उजवी बाजू. तो माणूस आपल्याकडे तोंड करून उभा आहे असे धरून आकृती काढलेली असते, म्हणून कागदावर ती आपल्या डावीकडे येते. पण याहून महत्त्वाची गोष्ट पुस्तकात क्वचितच सांगितलेली असते. छातीत हृदय तिरपे आणि किंचित वळलेले असते, त्यामुळे 'उजवे' निलय (खालचा कप्पा) हे वास्तविक पुढच्या बाजूला, उरोस्थीच्या लगेच मागे असते, आणि 'डावे' अलिंद (वरचा कप्पा) सर्वांत मागे, अन्ननलिकेला जवळजवळ टेकून असते. काही रुग्णांच्या तोंडावाटे सोनोग्राफीची नळी अन्ननलिकेत घालून हृदयाची तपासणी करतात, ती याच शेजारामुळे शक्य होते.

चार कप्प्यांपैकी वरचे दोन म्हणजे अलिंद आणि खालचे दोन म्हणजे निलय. माझ्या वयाच्या वाचकांनी शाळेत कर्णिका आणि जवनिका हे शब्द शिकले असतील. ते तेच कप्पे. अलिंदाच्या भिंती पातळ असतात, कारण त्यांना रक्त फक्त खालच्या मजल्यावर उतरवायचे असते. निलयांच्या भिंती जाड असतात, आणि त्या दोघांतही मोठा फरक असतो. त्याचे कारण पुढे येईलच.

मार्गाला लागण्यापूर्वी एका शब्दाबद्दल मला थोडे तक्रारीच्या सुरात बोलावे लागेल. आपल्याकडे 'शुद्ध रक्त' आणि 'अशुद्ध रक्त' असे शिकवण्याची जुनी सवय आहे, आणि मीही सुरुवातीची काही वर्षे तसेच शिकवले. उजव्या बाजूतील रक्त अशुद्ध म्हणजे घाण नसते. त्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो, एवढाच त्याचा अर्थ. विश्रांतीच्या वेळी तर या रक्तातील हिमोग्लोबिनही ऑक्सिजनने सुमारे ७५ टक्के भरलेले असते, आणि फुप्फुसांतून परतताना ते ९७-९८ टक्के होते. मूत्रपिंडाचेच उदाहरण घ्या. त्याच्याकडे जाणाऱ्या धमनीतील 'शुद्ध' रक्तात युरिया अधिक असतो आणि त्याच्यातून निघणाऱ्या शिरेतील 'अशुद्ध' रक्तात कमी. शब्द येथे साफ उलटा पडतो. तसेच उजवीकडचे रक्त आकृतीत निळे रंगवतात म्हणून ते निळे नसते. ते गडद, काळपट लाल असते. धमनी आणि शीर यांची व्याख्याही रक्ताच्या 'शुद्धते'वरून न करता दिशेवरून करावी : हृदयापासून दूर नेते ती धमनी, जिला नव्या पाठ्यपुस्तकांत रोहिणी म्हणतात, आणि हृदयाकडे आणते ती शीर. असे केले म्हणजे फुप्फुस धमनीत कमी ऑक्सिजनचे रक्त आणि फुप्फुस शिरांत भरपूर ऑक्सिजनचे रक्त, हा 'अपवाद' अपवाद म्हणून पाठ करावा लागत नाही.

आता एका थेंबाबरोबर चालू लागू. डोके व हात यांच्याकडील रक्त ऊर्ध्व महाशिरेतून आणि धडाचा खालचा भाग व पाय यांच्याकडील रक्त अधो महाशिरेतून उजव्या अलिंदात येते. तेथून तीन पाकळ्यांची त्रिदली झडप ओलांडून ते उजव्या निलयात उतरते. निलय आकुंचन पावते, त्रिदली झडप मिटते, फुप्फुस धमनीच्या तोंडाशी असलेली अर्धचंद्राकृती झडप उघडते आणि रक्त त्या धमनीत शिरते. ही धमनी लवकरच दुभंगून एकेका फुप्फुसाकडे जाते, तेथे तिच्या फांद्यांवर फांद्या फुटत शेवटी वायुकोशांना वेढणाऱ्या केशिका होतात. आपला थेंब या केशिकांत जेमतेम पाऊण सेकंद असतो, आणि तेवढ्यात वायूंची देवघेव पूर्ण होते. मग साधारणपणे चार फुप्फुस शिरांवाटे रक्त डाव्या अलिंदात येते, दोन पाकळ्यांच्या द्विदली झडपेतून डाव्या निलयात उतरते, आणि निलय आवळले गेले की महाधमनीच्या तोंडाची अर्धचंद्राकृती झडप उघडून ते सर्व शरीराकडे निघते. विश्रांतीच्या वेळी दर ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त बाहेर पडते. मिनिटाला ७२ ठोके धरले तर ते ५ लिटरच्या थोडे वर जाते. शरीरातील एकूण रक्तही साधारण ५ लिटरच असल्याने पूर्ण फेरीला सरासरी एक मिनिट लागते असे म्हणायला हरकत नाही.

हे वर्णन मला उजवीकडून सुरू करून डावीकडे संपवावे लागले, कारण वाक्ये एकामागून एकच लिहिता येतात. पण याच क्रमाने एक चूक मनात शिरते. एकदा वर्गात मी असेच सांगून संपवल्यावर एका विद्यार्थिनीने ठोक्यात ऐकू येणाऱ्या 'लब-डब' या दोन आवाजांबद्दल विचारले, "सर, म्हणजे 'लब' हा उजव्या बाजूचा आवाज आणि 'डब' हा डाव्या बाजूचा का?" प्रश्न ऐकून मी क्षणभर गप्प झालो, कारण माझ्या शिकवण्यावरून तिने काढलेला निष्कर्ष तर्काला धरूनच होता. वस्तुस्थिती अशी आहे की दोन्ही अलिंदे एकाच वेळी आकुंचन पावतात आणि त्यानंतर दोन्ही निलये एकाच वेळी. ज्या क्षणी उजवे निलय आपले ७० मिलिलिटर फुप्फुसांकडे पाठवते, त्याच क्षणी डावे निलय आधीच फुप्फुसांतून आलेले तेवढेच रक्त शरीराकडे पाठवत असते. म्हणून मी नंतर हृदय म्हणजे चार कप्प्यांचा एक पंप असे सांगणे सोडून दिले. ते दोन पंप आहेत. एका भिंतीने चिकटलेले, एकाच तालावर चालणारे, आणि एकाचे सोडलेले पाणी दुसऱ्याच्या टाकीत येईल अशा रीतीने एकामागे एक जोडलेले. एवढे ध्यानात आले की पाठांतराची गरज फारशी उरत नाही.

असे जोडलेले असल्यामुळे दोघांचे माप तंतोतंत जुळावे लागते. समजा, उजवे निलय डाव्यापेक्षा दर ठोक्याला केवळ १ मिलिलिटर रक्त जास्त सोडू लागले. मिनिटाला ७२ मिलिलिटर, म्हणजे तासाभरात ४ लिटरहून अधिक रक्त फुप्फुसांत साचेल. तसे होत नाही, कारण हृदयाचा स्नायू जितका अधिक ताणला जातो तितक्या अधिक जोराने तो आकुंचन पावतो. डाव्या बाजूत थोडे जास्त रक्त आले की ती बाजू पुढच्याच ठोक्यांत तेवढे जास्त बाहेर टाकते. हा नियम ऑटो फ्रँक आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या दोघांच्या नावाने ओळखला जातो. डावी बाजू अशक्त होऊन हे जुळवून घेणे जमेनासे झाले, की रक्ताचा तुंबारा फुप्फुसांत होतो आणि माणसाला आडवे झाल्यावर धाप लागते; उजवी बाजू अशक्त झाली तर तुंबारा शरीराच्या शिरांत होतो आणि पाय सुजतात. कोणती बाजू कोणाच्या मागे जोडलेली आहे हे माहीत असले तर ही लक्षणेही आपोआप उलगडतात.

माप सारखे असले तरी दाब सारखा नसतो. फुप्फुसे जवळच आहेत आणि तेथील वाहिन्या रक्ताला फारसा अडथळा करीत नाहीत, म्हणून उजव्या निलयाला पाऱ्याच्या सुमारे २५ मिलिमीटर एवढाच दाब निर्माण करावा लागतो. डाव्या निलयाला तोच १२० पर्यंत न्यावा लागतो. दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून मोजतात तो वरचा आकडा त्याच्याच जोराचा. म्हणून त्याची भिंत उजव्या निलयाच्या भिंतीच्या दुप्पट-तिप्पट जाड असते.

हे सगळे कागदावर पाहण्यापेक्षा एकदा बोकडाचे हृदय हातात घेऊन पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. आमच्या प्रात्यक्षिकासाठी ते मी स्वतः खाटकाकडून आणत असे. येथे भाषेची एक गंमत आहे : कवितेत काळीज म्हणजे हृदय असले तरी दुकानात 'काळीज द्या' म्हटले तर यकृत मिळते, हृदय हवे असेल तर 'दिल' मागावे लागते. शिवाय ते चिरलेले नको आणि वरच्या नळ्या तोडलेल्या नकोत, हे आधीच सांगून ठेवावे. बोटांनी दाबून पाहिले की डावी बाजू कोणती हे लगेच कळते : ती टणक लागते, उजवी मऊ पडते. फुप्फुस धमनी कापून तिच्यात वरून पाणी ओतले तर ते निलयात न उतरता वरच थांबते, कारण तेथील तीन पाकळ्या सदऱ्याच्या खिशासारख्या असतात. वरून पाणी आले की खिसे भरतात, फुगतात आणि एकमेकांना भिडून वाट बंद करतात. वर्गात हा प्रयोग चालू असताना मागच्या बाकावरची मुलेही पुढे येत.

निलय उघडल्यावर आणखी सुंदर वस्तू दिसते. अलिंद आणि निलय यांमधल्या झडपांच्या पाकळ्यांना खालून पांढऱ्या, चिवट दोऱ्या जोडलेल्या असतात आणि त्या दोऱ्यांची दुसरी टोके निलयाच्या भिंतीतून वर आलेल्या लहान स्नायूंच्या उंचवट्यांवर घट्ट बसवलेली असतात. पुष्कळांना वाटते, की या दोऱ्या झडप ओढून उघडतात. तसे नाही. झडप उघडते आणि मिटते ती केवळ दोन्ही बाजूंच्या दाबातील फरकाने, वाऱ्याने दार लागावे तशी. दोऱ्यांचे काम एवढेच, की निलयाच्या जोराने मिटलेली पाकळी अलिंदाच्या बाजूला उलटून जाऊ नये. वाऱ्यात छत्री उलटी होते तशी. मिटण्याचाच आवाज आपण ऐकतो. निलये आकुंचन पावू लागताच त्रिदली आणि द्विदली या झडपा मिटतात तो 'लब', आणि आकुंचन संपून दोन्ही अर्धचंद्राकृती झडपा मिटतात तो 'डब'. त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर हे : दोन्ही आवाजांत दोन्ही बाजू असतात.

ठोक्याचा हुकूम बाहेरून येत नाही. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात विशेष पेशींचा एक लहान समूह असतो. तो स्वतःच विद्युत-स्पंदन निर्माण करतो. ते अलिंदांत पसरते, पण अलिंद आणि निलय यांच्यामध्ये तंतुमय कड्यांची विद्युतरोधक चौकट असल्याने एकाच ठिकाणाहून खाली उतरू शकते, आणि तेथे त्याला सुमारे एक-दशांश सेकंद उशीर होतो. या उशिरामुळेच अलिंदे रिकामी होईपर्यंत निलये थांबतात. मज्जातंतू हा वेग फक्त कमी-जास्त करतात. याचा पुरावा हृदय प्रत्यारोपणात दिसतो. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्ल कुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये भारतातील पहिले मानवी हृदय प्रत्यारोपण केले, तो रुग्ण काही तासच जगला. मात्र आज यशस्वी होणाऱ्या प्रत्येक प्रत्यारोपणात सर्व मज्जातंतू तुटलेले हृदय नव्या छातीत आपल्याच तालावर चालू लागते.

एवढे रक्त आतून वाहत असूनही हृदयाच्या स्नायूला त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही. भिंत जाड असल्याने ते आतपर्यंत झिरपत नाही. त्याच्यासाठी दोन कोरोनरी धमन्या महाधमनीच्या झडपेच्या लगेच वरून निघतात. डाव्या निलयाच्या बाबतीत तर असे आहे, की आकुंचनाच्या वेळी त्याचाच आवळलेला स्नायू आतल्या वाहिन्या दाबून टाकतो, आणि म्हणून त्याला रक्त मिळते ते मुख्यतः शिथिल असताना. हृदयविकाराचा झटका म्हणतात तो बहुतेक वेळा यांपैकी एखादी वाट बंद पडल्याने येतो. कप्प्यांत रक्त कमी पडल्याने नव्हे.

शेवटी तुमच्या प्रश्नातील 'पडदा पूर्ण बंद असतो' या विधानात एक दुरुस्ती करतो. तो जन्मानंतर बंद असतो. आईच्या पोटात बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात आणि ऑक्सिजन वारेतून मिळतो. तेव्हा फुप्फुसांकडे सगळे रक्त पाठवण्यात अर्थ नसतो. त्या काळात दोन अलिंदांमधल्या पडद्यात एक लंबगोल वाट असते आणि तिच्यावर डाव्या बाजूने एक पातळ पापुद्रा असतो. उजवीकडचा दाब जास्त असल्याने पापुद्रा उघडा राहतो आणि बरेचसे रक्त थेट डावीकडे जाते. म्हणजे गेलनने कल्पिलेली वाट आपल्या प्रत्येकात काही महिने, जरा वेगळ्या ठिकाणी, खरोखरच होती. बाळाने पहिला श्वास घेतला की फुप्फुसांतील वाहिन्या मोकळ्या होतात, तिकडून भरपूर रक्त डाव्या अलिंदात येते, तेथील दाब वाढतो आणि पापुद्रा दारासारखा लागतो. पुढे तो बहुतेकांत कायमचा चिकटून जातो. सुमारे चौघांत एकाच्या बाबतीत मात्र तो नुसता टेकलेला राहतो आणि बहुधा त्याला आयुष्यभर त्याचा पत्ताही लागत नाही. बोकडाच्या हृदयाचे उजवे अलिंद उघडून मधल्या पडद्यावरून बोट फिरवा : एके ठिकाणी लंबगोल खळगा लागेल. तेथला पडदा इतका पातळ असतो, की खिडकीकडे धरला तर त्यातून उजेड दिसतो.